घरच्या नेटवर ‘हल्ला’: नवा राउटर घेण्याआधी

कळंब्याहून एका ताईंनी विचारलंय. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. त्या घरूनच जीएसटी रिटर्न भरायचं काम करतात. मुलगा अकरावीत आहे आणि जुन्या पीसीवर त्यानं माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवलाय, मित्र बाहेरून त्यावर येऊन खेळतात. दोन आठवड्यांपूर्वी खेळात भांडण झालं आणि कुणीतरी ‘तुझं नेट उडवतो’ अशी धमकी दिली. तेव्हापासून रात्री साडेआठच्या सुमाराला नेट मरतं, कधी वीस मिनिटं, कधी तासभर. केबलवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक आहे. दुकानदार चौदा हजारांचा गेमिंग राउटर घ्या म्हणतोय, त्यावर ‘डॉस प्रोटेक्शन’ लिहिलंय, म्हणजे कुणी नको असलेल्या डेटाचा लोंढा सोडून नेट बंद पाडू नये यासाठीचं संरक्षण. घ्यावा का? शिवाय गेटवरचा कॅमेरा मोबाइलवर बघता यावा म्हणून वर्षभरापूर्वी त्यांनी स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता, घेतलाय.

ताई, तो राउटर घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. मी गेली एकवीस वर्षं या जिल्ह्यात नेटवर्क उभारायचं आणि सांभाळायचं काम करतो. छपरांवरून कॅट-फाइव्ह वायर ओढत सुरुवात केली, आता सगळं फायबर. या काळात कुणाच्या घरावर खरा लोंढा आला आणि तो घरातल्या डब्यानं परतवला, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. असं का, ते आधी सांगतो. ते एकदा कळलं की पुढचं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच सुचेल.

२०१९ चा ऑगस्ट आठवा, कोल्हापूरचा महापूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहरात पेट्रोल मिळेना, भाजी मिळेना. राजारामपुरीतली कित्येक दुकानं कोरडी होती, शटर उघडी होती, माणसं काउंटरवर बसून होती. पण माल शिरोलीच्या पलीकडं ट्रकात अडकलेला. त्या दुकानदारानं आपल्या दाराला कितीही भारी कुलूप लावलं असतं तरी माल आत येणार होता का? तुमचा राउटर म्हणजे ते दुकान. त्याच्यावरचं ‘डॉस प्रोटेक्शन’ नको असलेली पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, ओळखून फेकून देतं, हे खरं आहे. पण ती पाकिटं त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत रस्ता आधीच भरून गेलेला असतो.

हिशेब साधा आहे. तुमची लाइन १०० एमबीपीएसची. ही मर्यादा केबलवाल्याच्या मोठ्या राउटरवर लावलेली असते, तुमच्या घरात नाही. कुणी तुमच्या पत्त्यावर १ जीबीपीएस, म्हणजे दहापट, सोडला, तर त्या मोठ्या राउटरवरच दहातली नऊ पाकिटं टाकून दिली जातात. ती टाकताना यातलं गेटवरच्या कॅमेऱ्याचं कुठलं, जीएसटी पोर्टलचं कुठलं आणि कचरा कुठला, हे तो बघत नाही. तुमच्या घरात येतं ते उरलेलं, आणि त्यातही बहुतेक कचराच. लोंढा आणखी मोठा असेल तर केबलवाल्यानं वरच्या कंपनीकडून घेतलेली मुख्य लाइनच भरते आणि मग तुमच्याबरोबर सगळी गल्ली बसते. म्हणून पहिली गोष्ट आजच विचारून ठेवा: साडेआठला नेट गेलं की त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्यांचंही जातं का? या एका उत्तरानं अर्धं निदान होतं.

आता मुळात हा हल्लाच आहे का ते बघू. धमकी आली आणि नेट जायला लागलं, म्हणजे दोन्हींचा संबंध असणार असं वाटणं साहजिक आहे. पण माझ्याकडं ‘कुणीतरी हल्ला करतंय’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारींत कारण घरातच सापडलंय. त्यामुळं अंदाज न बांधता मोजा.

लॅपटॉप वायफायवर नको, राउटरला केबलनं जोडा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडा. पहिलीत स्वतःच्या राउटरला पिंग (उत्तर येतं का आणि किती वेळात, हे तपासणारी आज्ञा) लावा, त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत केबलवाल्याच्या गेटवेला, म्हणजे तुमची लाइन त्याच्याकडं जिथं पोचते त्या यंत्राला. ट्रेसर्ट (वाटेतले पत्ते एकेक करून दाखवणारी आज्ञा) चालवलं की दुसऱ्या ओळीत दिसणारा पत्ता सहसा तोच. तिसरीत गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. पिंगच्या पुढं ‘हायफन टी’ लावलं की ते थांबत नाही, चालूच राहतं. सव्वाआठला हे सुरू करा आणि बघत बसा.

राउटरचंच पिंग अडखळलं तर भानगड घरात आहे: राउटर तापतोय, केबल खराब आहे किंवा राउटरच मरायला टेकलाय. राउटर ठीक, पण गेटवेला पिंग सुटतंय किंवा एरवी पाच मिलिसेकंदांत येणारं उत्तर पाचशेवर गेलंय, तर तुमची लाइन भरलेली आहे. ती येणाऱ्या पाकिटांनी भरलीय की जाणाऱ्या, ते अजून ठरायचंय. गेटवेपर्यंत सगळं चोख आणि फक्त ८.८.८.८ बिघडलं, तर केबलवाल्याची वरची लाइन संध्याकाळच्या गर्दीत दमतेय आणि त्याला तुम्ही काहीच करू शकत नाही, भांडण्याखेरीज. काही गेटवे पिंगला उत्तरच देत नाहीत. तसं असेल तर ट्रेसर्टमधला पुढचा पत्ता घ्या. आणि फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर हे सगळं सोडा, फायबर तुटलीय. गणपतीच्या दिवसांत उंच मूर्तीसाठी काठीनं वायरी उचलतात, तेव्हा आमच्याकडं या लाल दिव्याच्या तक्रारींची रांग लागते.

लाइन भरल्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे आपलंच अपलोड. शाहूपुरीतल्या एका कर सल्लागारांकडं रोज रात्री नऊला नेट मरायचं. त्यांनीही हल्ला धरला होता. निघालं काय, तर टॅलीच्या डेटाचा बॅकअप रोज नऊला क्लाउडवर जायचा, त्याच वेळी घरातल्या दोन मोबाइलचे फोटो वर चढायचे. अपलोड काठोकाठ भरलं की राउटरच्या रांगेत पाकिटं साचतात आणि डाउनलोडही थिजल्यासारखं होतं, कारण ‘मिळालं’ अशी पोच परत पाठवायलाच जागा उरत नाही. ताई, तुमचं कामही तसलंच आहे, म्हणून तुमच्या बॅकअपची वेळ आधी बघा. तेच कारण निघालं तर बॅकअप पहाटे तीनला लावा आणि राउटरमध्ये क्यूओएस (कशाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा लाइनच्या नव्वद टक्क्यांवर ठेवा. फुकटात काम होतं.

खरा हल्ला ओळखायची माझी कसोटी वेगळी आहे. नेट मेलं की घरातलं सगळं काढा: वायफाय बंद, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बंद, मुलाचा पीसी बंद. फक्त केबलनं जोडलेला एक लॅपटॉप ठेवा आणि त्यावरही काही उघडू नका. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचे, ‘रिसीव्ह्ड’ आकडे असतात. एकदा लिहून घ्या, बरोबर एका मिनिटानं पुन्हा लिहा. थोडी भर पडलेली दिसेलच, कारण स्टॅटिक आयपीवर दिवसरात्र कुणी ना कुणी दार ठोठावून जात असतं. पण १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर एका मिनिटात साधारण ७५० एमबी जमा होतात. घरात काहीच चालू नसताना एका मिनिटात शेकडो एमबी आले, तर ते तुम्ही मागवलेले नाहीत. तो हल्ला. त्या दोन्ही आकड्यांचे वेळेसकट फोटो काढा, पुढं लागतील.

आणि तसा तो असेल, तर आश्चर्य वाटायला नको. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आज हे करायला काहीही येत नसलं तरी चालतं. ‘बूटर’ किंवा ‘स्ट्रेसर’ नावानं वेबसाइट चालतात, तिथं पैसे भरायचे, आयपी टाकायचा, मिनिटं निवडायची. अशा साइटांवर पोलिसांची नजर आहे. एप्रिल २०१८ मध्ये युरोपातल्या यंत्रणांनी वेबस्ट्रेसर नावाची मोठी साइट बंद पाडली, त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेनं अशा पंधरा साइटांची डोमेनं ताब्यात घेतली. तरी नव्या उगवतात.

एका पोराच्या हातात एवढा लोंढा येतो कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. पत्रावर पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा पत्ता लिहून त्यानं शंभर कचेऱ्यांना ‘तुमची सगळी यादी पाठवा’ असं पोस्टकार्ड टाकलं, तर शंभर गठ्ठे तुमच्या दारात येऊन पडतील. इंटरनेटवर यूडीपी नावाच्या पद्धतीची पाकिटं अशीच खोट्या पत्त्यानं पाठवता येतात. वेळ सांगणाऱ्या जुन्या एनटीपी सर्व्हरना ‘मॉनलिस्ट’ नावाची एक आज्ञा होती, तिच्या उत्तरात शेवटच्या सहाशे मशीनची यादी यायची. पाठवलेल्याच्या साडेपाचशे पट माल परत. मेमकॅश्ड नावाच्या, वेबसाइटचा डेटा हाताशी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या उघड्या सर्व्हरकडून तर ५१,००० पटीपर्यंत. २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर (प्रोग्रॅमर आपलं कोड ठेवतात ती साइट) याच पद्धतीनं सेकंदाला १.३५ टेराबिट आले. गिटहबनं काय केलं? चांगला राउटर आणला नाही. आपली सगळी वाहतूक अकामाई कंपनीच्या त्याहून कितीतरी रुंद जाळ्याकडं वळवली, तिथं कचरा गाळला आणि काही मिनिटांत साइट परत उभी राहिली. गिटहबसारख्यांनाही पाणी वरच वळवावं लागलं.

खोट्या पत्त्याची पाकिटं आपल्या जाळ्यातून बाहेर जाऊ न देण्याचा उपाय मे २००० पासून कागदावर लिहिलेला आहे. बीसीपी ३८ म्हणतात त्याला. प्रत्येक इंटरनेट कंपनीनं तो लावला तर या प्रकारचा अर्धा धंदा बसेल. लावायला अवघड नाही, पण लावल्याचा फायदा आपल्याला होत नाही, दुसऱ्या कुणाला तरी होतो, म्हणून राहून जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी ज्या ज्या केबलवाल्यांचं काम केलं, तिथं पहिल्या दिवशी हेच लावून घेतलं.

आता तुमच्या घराकडं. त्या पोराला तुमचा पत्ता कसा कळला? शोधायची गरजच पडली नसणार. मुलानं घरात सर्व्हर ठेवलाय, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडलाय आणि मित्रांना आयपी दिलाय. दहा जणांकडं गेलेला आयपी अकराव्याकडं जातोच. त्यात तो स्टॅटिक. म्हणजे राउटर बंद-चालू केला तरी पत्ता तोच. साध्या कनेक्शनवर राउटर काही वेळ बंद ठेवून चालू केला की बहुधा नवा पत्ता मिळतो आणि हल्ला करणारा रिकाम्या घराचं दार बडवत बसतो. तुम्ही मात्र पैसे देऊन पत्ता कायमचा केलाय. दोष तुमचा नाही. कॅमेरा लावणाऱ्यानं तुम्हाला दुसरी वाट सांगितलीच नाही.

म्हणून माझा सल्ला असा: स्टॅटिक आयपी परत करा. केबलवाल्याला सांगा, मला सीजीनॅटमध्ये टाका. तिथं शेकडो घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागं असतात आणि राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला, बाहेरून पोचता न येणारा पत्ता दिसतो. एरवी गेमवाली पोरं या सीजीनॅटला नावं ठेवतात आणि काही बाबतींत ते बरोबरही आहेत. पण तुमच्या घरासाठी आत्ता हा आडोसा फार कामाचा आहे. एकच लक्षात ठेवा, कंपनी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देत असेल तर तिथं सीजीनॅटचा आडोसा नसतो, प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो. तेव्हा राउटरमधली आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना, ते एकदा बघून घ्या. बाहेरून सुरू झालेलं कनेक्शन आत येऊ न देणं, एवढंच तिच्याकडून हवंय.

पत्ता बदलला आणि मुलानं त्याच रात्री नवा आयपी गटात टाकला, तर सगळं पाण्यात. सर्व्हर घराबाहेर हलवा. माइनक्राफ्टच्या कंपनीचीच रेल्म्स नावाची भाड्याची सोय आहे, नाहीतर महिन्याच्या भाड्यानं सर्व्हर देणारे इतर बरेच आहेत. त्यांतले चांगले लोक लोंढा गाळायची सोय आपल्याकडं ठेवतात. घरातलाच पीसी वापरायचा हट्ट असेल तर टनेल सेवा घ्या, म्हणजे मित्रांना त्या सेवेचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. व्हीपीएनचंही तेच तत्त्व. पण आधी घराचा पत्ता बदलायचा, मग व्हीपीएन. जुना पत्ता ज्याच्याकडं आहे, त्याला तुम्ही व्हीपीएनच्या मागं बसलात की नाही यानं फरक पडत नाही.

पत्ता फुटायच्या आणखी वाटा असतात. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचं बोलणं त्यांच्या सर्व्हरमधून जातं, तिथून समोरच्याला आयपी दिसत नाही, पण तिथं कुणी पाठवलेल्या अनोळखी लिंकवर क्लिक केलं की दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या आत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आहे, तिथं कॉलमध्ये आयपी लपवायचा पर्याय चालू करा. टेलिग्रामच्या कॉल सेटिंगमध्ये ‘पीअर टू पीअर’ असतं, ते ‘नोबडी’वर ठेवा.

केबलवाल्याशी कसं बोलायचं, यावर थोडं जास्त लिहितो, कारण घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं. ‘नेट चालत नाही’ म्हणून सांगितलं की लाइनमन येतो, फायबरची पॉवर मोजतो, ‘उणे एकवीस, एकदम मस्त’ म्हणतो आणि जातो. तो खोटं बोलत नाही. त्याच्या मीटरला लोंढा दिसतच नाही. तुम्हाला त्यांच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या इंजिनिअरशी बोलायचंय. नंबर शांत वेळी मागून ठेवा, हल्ला चालू असताना कुणी फोन उचलत नाही. आणि संदेश असा पाठवा: ‘माझ्या या आयपीवर काल रात्री ८.३४ ते ९.१० यूडीपी फ्लड असावा असं दिसतंय. सगळी उपकरणं बंद असताना वॅनवर मिनिटाला इतके एमबी आले, फोटो जोडलाय. कृपया त्या वेळचा ट्रॅफिक ग्राफ बघा, आयपी बदलून द्या आणि पुन्हा झालं तर जुना आयपी ब्लॅकहोल करा.’ असा संदेश आला की आमच्यासारखी माणसं खुर्चीत सरळ बसतात. समोरच्याला नेमकं काय झालंय ते कळलंय, हे आम्हाला लगेच समजतं.

ब्लॅकहोल म्हणजे काय, तेही सांगतो. केबलवाला वरच्या कंपनीला निरोप देतो की या एका पत्त्याकडं जाणारं सगळं तुमच्याकडंच टाकून द्या, खाली पाठवू नका. यासाठी ६५५३५:६६६ हा खुणेचा आकडा २०१६ मध्ये जगभरासाठी ठरवून दिलाय. त्यानं तो पत्ता मेलेलाच राहतो, पण लोंढा वरच्या वर संपतो आणि गल्ली वाचते. मोठ्या कंपनीला स्वतःचा पत्ता मारून घेणं परवडत नाही. घराला परवडतं, कारण तुम्हाला दुसरा पत्ता लगेच मिळतो. म्हणून घरासाठी यापेक्षा स्वस्त आणि खरा उपाय मला तरी माहीत नाही. छोट्या केबलवाल्यानं ‘आम्हाला हे येत नाही’ म्हटलं तर रागावू नका, त्यांच्या वरच्या कंपनीला विचारायला सांगा. बहुतेकांकडं सोय असते, पण कुणी मागितलेलीच नसते.

आता गेटवरचा कॅमेरा. हे मी शेवटी लिहितोय, पण माझ्या मनात याला पहिली जागा आहे.

हुपरीच्या एका चांदी कारखानदारांकडं मला बोलावलं होतं. रात्री नेट स्लो व्हायचं आणि त्यांच्या कंपनीनं दोनदा कनेक्शन बंद केलं होतं, ‘तुमच्याकडून हल्ला जातोय’ म्हणून. ते हवालदिल. घरात संगणक एकच, तोही हिशेबाचा. मी राउटरवर बघितलं तर डाउनलोड शांत आणि अपलोड काठोकाठ. एकेक केबल काढत गेलो. माळ्यावर ठेवलेल्या डीव्हीआरची केबल काढली आणि आलेख खाली कोसळला. आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बसवणाऱ्यानं कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला, पोर्ट जगाला उघडे. बंद करून चालू केला तर काही मिनिटं शांत, मग पुन्हा सुरू. या जातीचं मालवेअर मेमरीत राहतं, बंद केलं की पुसलं जातं, पण दार उघडंच असलं की दुसरं कुणीतरी लगेच आत शिरतं. ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे माझ्या कॅमेऱ्यानं दुसऱ्या कुणाचं तरी नेट बंद पाडलं?’ हो, पाडलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की डीव्हीआर आधी बघतो.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं नेमकं हेच जगभर केलं. त्याच्याकडं नाव-पासवर्डांच्या साठेक ठरावीक जोड्या होत्या, कारखान्यातून येणारी. तेवढ्यावर लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या हाताखाली आले. त्याचं कोड जाहीर झाल्यावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत कित्येक तास अडखळत होते. आपल्याकडं जुलै २०१७ मध्ये एका मालवेअरनं बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम बंद पाडले. मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम त्यात सापडले होते.

तुमच्या डीव्हीआरचं असं करा. पासवर्ड बदला, लांब ठेवा. त्याच्यासाठी राउटरमध्ये उघडलेले सगळे पोर्ट बंद करा, ‘डीएमझेड’मध्ये (तिथं टाकलेलं उपकरण बाहेरच्यांना पूर्ण उघडं असतं) टाकला असेल तर बाहेर काढा. राउटरचं यूपीएनपी बंद करा, कारण त्याच्या जोरावर उपकरणं तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेतात. राउटरचं रिमोट मॅनेजमेंट बंद करा. मोबाइलवर कॅमेरा बघायला आजकालच्या बहुतेक डीव्हीआरना त्यांचं अ‍ॅप पुरतं, क्यूआर कोड स्कॅन केला की झालं, स्टॅटिक आयपी लागतच नाही. त्याहून चांगलं म्हणजे राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन लावून त्यातून घरात शिरणं. पण ते सीजीनॅटच्या मागं सरळ चालत नाही, म्हणून तुम्हाला आत्ता अ‍ॅपच सांगतो. फर्मवेअर अपडेट येत नसलेला जुना डीव्हीआर असेल तर त्याला इंटरनेटच देऊ नका, घरातल्या टीव्हीवर बघा. नवा घ्यायचा झाला तर एप्रिल २०२५ पासून आपल्याकडं विकायच्या सीसीटीव्हीला सुरक्षेची सरकारी तपासणी सक्तीची झालीय, त्या प्रमाणपत्राबद्दल दुकानात विचारा. आणि संगणकांत काही शिरलंय का अशी शंका असेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनं आहेत, २०१७ पासून.

वायफायचंही एक छोटं दुखणं असतं. बाहेरून काही न पाठवता, शेजारच्या इमारतीत बसून कुणी खोटे ‘डिस्कनेक्ट’ संदेश सोडले तर वायफायवरची उपकरणं तुटत राहतात. वायफाय सुरक्षेच्या डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीत याला संरक्षण आहे, जुन्या राउटरवर ‘पीएमएफ’ दिसलं तर चालू करा. तुमचा कामाचा संगणक मात्र केबलवरच ठेवा, मग हा प्रश्नच येत नाही.

रिटर्नच्या ११ आणि २० तारखांना मात्र कशावरच विसंबू नका. दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये ठेवा, हॉटस्पॉटवर पोर्टल एकदा उघडून सवय करून घ्या. राउटरला आणि फायबरच्या डब्याला एक लहान यूपीएस लावा. त्या चौदा हजारांतले थोडेसे इथं गेले तर सत्कारणी लागतील.

पोलिसांत जायचं का, हेही तुमच्या मनात असणार. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याचं नेटवर्क बंद पाडणं येतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धमकीचा स्क्रीनशॉट, काढलेले आकडे, केबलवाल्याचा ग्राफ हे एकत्र ठेवा. पत्ता बदलूनही तो थांबला नाही तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. समोरचाही बहुधा एखादा शाळकरी पोरगाच असेल, म्हणून आधी त्याच्या घरच्यांपर्यंत पोचता आलं तर ते मला जास्त आवडेल. हे मी त्या पोराच्या काळजीनं लिहितोय.

तुमच्या मुलाला मात्र एक गोष्ट आजच सांगा, की परत मारायचं नाही. ज्या साइटवरून त्याच्यावर हल्ला झाला, तीच साइट त्यालाही दोन मिनिटांत सापडेल आणि कायदा दोघांना एकच आहे. मिराई लिहिणारे तिघं तरुण माइनक्राफ्टच्या सर्व्हरांच्या धंद्यातल्या चढाओढीतूनच त्या वाटेला गेले होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात त्यांनी गुन्हा कबूल केला. आणि त्याचा सर्व्हर बंद करायला लावू नका, ताई. अकरावीतल्या मुलानं जुन्या पीसीवर सर्व्हर उभा केला, पोर्ट उघडले, दहा जणांना जोडून घेतलं, हे आमच्याकडं कामाला येणाऱ्या कित्येक मुलांना जमत नाही. सर्व्हरची जागा त्यालाच हलवू द्या, डीव्हीआरचे पोर्टही त्यालाच बंद करू द्या. शनिवारी रात्री सव्वाआठला तुम्ही आणि तो मिळून बसा, नेट मेलं की ते दोन आकडे लिहून घ्या आणि मला कळवा. मिनिटात शेकडो एमबी आलेले दिसले, तर तुमच्या केबलवाल्याच्या इंजिनिअरशी मी स्वतः बोलेन.